कुम्बाच्या अंगावरचं तेज

६ जानेवारी

आज ओबेट येऊन गेला. लाए शहरातून विमानानं येतो, आमच्या गवताळ धावपट्टीवर उतरतो आणि उतरल्या उतरल्या आधी बूट पुसतो. पण माणूस कामाचा आहे. मारिताचं तेल विकत घ्यायला या खोऱ्यात आजवर दुसरं कुणी फिरकलेलं नाही. आमच्या आजे-पणजांनी मारिता नुसता खाल्ला. हातभर लांब तांबडं फळ, उभं चिरायचं, तापल्या दगडांत केळीच्या पानाखाली शिजवायचं, पाण्यात कुस्करायचं आणि तो लालभडक रस रताळ्यांवर ओतायचा. त्या रसावर तरंगणारं तेल शहरातले लोक बाटलीतून चमच्यानं पितात, हे ऐकून माझी सासू जिवंत असती तर हसून हसून मेली असती.

ओबेटच्या तोंडी एकच शब्द, अँटिऑक्सिडंट. मी म्हटलं, बाबा रे, माणसांच्या भाषेत सांग. तो म्हणाला, कोयता गंजतो ना, तसं माणसाचं अंग आतून गंजतं. धुरानं, वयानं, आजारानं. मारिताच्या तांबड्या रंगात जे असतं, ते गंज धरू देत नाही. डोळ्यांना चांगलं, रक्ताला चांगलं. म्हटलं, हे सांगायला लाएहून यायची काय गरज? मारिता खाणाऱ्याची कातडी बघ की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आमच्याकडे कुणाला बरा आहेस का म्हणून विचारत नाहीत, कातडी बघतात. ती चमकत असली म्हणजे पोट, मन, घरदार सगळं जागेवर आहे. करडी पडली की समजावं, आत काहीतरी कुजतंय.

ओबेटला फोटो हवेत. तेल काढणाऱ्या बायकांचे, आणि मारिता खाऊन ठणठणीत झालेल्या एखाद्या माणसाचा. माझ्या डोळ्यांपुढे लगेच कुम्बा आला.

९ जानेवारी

कुम्बाला माझ्या घरी आणला. माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा याला धड चालता येत नव्हतं, मीच भरवून वाढवला. नोव्हेंबरात त्याला टीबी निघाला आणि तेव्हापासून तो वाळलेल्या पानासारखा झालाय. पलीकडच्या डोंगरावर दवाखान्याची खोली आहे, तिथला सिल्वानुस त्याला गोळ्या देतो. सहा महिने रोज, एकही दिवस चुकवायचा नाही. गोळ्या गिळल्या की ओकतो. कातडी राखेसारखी. वर लघवी लाल होते. सिल्वानुसनं आधीच सांगितलं होतं, घाबरू नका, औषध अंगात फिरतंय याची ती खूण. गावातले बाप्ये जिथं जमतात त्या पुरुषांच्या घरात मात्र सगळे त्याला चिडवतात, मारिता खातोस आणि मारिताच मुततोस म्हणून.

माणसाला असं मुतायला लावणारं ते औषध कसलं?

त्याची बायको वेलेम दारात आडवी उभी राहिली होती. म्हणाली, "न्या वन्सं, पण गोळ्यांचा डबा बरोबर न्या, आणि तुमच्या डोळ्यांदेखत गिळायला लावा. मी तोंड उघडून बघते त्याचं."

मी म्हटलं, त्याचे दुधाचे दात पडले तेव्हा तोंडात मीच बघत होते, मला शिकवू नकोस. ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला जास्तच राग येतो.

१८ जानेवारी

मारिता भरात आहे. चिरून चिरून आमच्या सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल झालेत. बायका आता सकाळपासूनच माझ्या अंगणात असतात. पेरेकाचा आवाज सगळ्यांत मोठा आणि कामही तितकंच. मुलीला हेगन शहरातल्या शाळेत घालायचं तिनं ठरवून टाकलंय, अजून तेलाचा एक डबा विमानात चढला नाही तरी.

कुम्बाला दोन्ही वेळा मारिता देते. ओकणं थांबलं. तेल अंगालाही चोळायला लावते. काल उन्हात बसला होता तर खांदे असे चमकत होते की पेरेका म्हणाली, याचं दुसरं लग्न लावायचंय की काय. आणि चिडवणंही बंद झालंय. माझा नवरा सांगत होता, लघवी आता झऱ्याच्या पाण्यासारखी स्वच्छ होते. म्हणजे आतलं विष मारितानं धुऊन काढलं. मला इतका आनंद झाला की उरलेला रस मी शेजारच्या कोमगीलाही देऊन टाकला. तिला साखरेचा आजार आहे.

गोळ्या घेतोस ना, असं कुम्बाला विचारलं. घेतो म्हणाला. मोठा बाप्या माणूस, त्याच्या तोंडात आता बोट घालून बघू का?

२६ जानेवारी

सिल्वानुस फेरीवर आला होता. कुम्बा नेमका वरच्या मळ्यावर गेलेला. मी त्याला रताळी आणि मारिता वाढला, त्यानं बोटं चाटून खाल्लं. मग मी त्याला माझा गंजाचा सिद्धांत ऐकवला. तो हसला. म्हणाला, मारिता चांगलाच आहे, पोरांना भरपूर घाला, रातांधळेपणा येत नाही, रक्त भरतं.

"पण ताई, टीबी म्हणजे गंज नव्हे. ती वाळवी आहे. गंजाला तेल चालतं. वाळवी लागलेल्या खांबाला तेल लावलं तर खांब चमकेल आणि तसाच मोडेल."

मी म्हटलं, मग माझ्या भावाची कातडी बघून जा. तो म्हणाला, कातडी नको, लघवीचा रंग सांगा. असलं बायकांना विचारतात का? मी सरळ उठून भांडी घासायला गेले. मागून म्हणाला, "पी हळद आणि हो गोरी असं नसतं हो." या माणसाला दोन बुकं शिकल्याची फार घमेंड आहे. कुम्बाची वाट बघून बघून शेवटी अंधार व्हायच्या आत निघून गेला.

कोमगीबद्दल मात्र जाताना विचारत होता. तिनं या महिन्याच्या गोळ्या नेल्या नाहीत म्हणे.

४ फेब्रुवारी

ओबेट कॅमेरा घेऊन आला. तेलाचा वास घेतला, थेंब उन्हात धरून बघितला, आणि म्हणाला असं तेल त्यानं कुठंच पाहिलं नाही. विमान याच महिन्यात पाठवतो, सगळं तेल एकदम नेतो. बायकांनी तिथंच नाचायला सुरुवात केली.

मग कुम्बाला पुढं केला. पिसांचा मुकुट घालून, तेल लावून तो उभा राहिला आणि मला रडूच आलं. आमचे वडील असेच दिसायचे. ओबेटनं फोटो काढता काढता विचारलं, हा आणखी काही घेतो का, औषध वगैरे? कंपनीतले विचारतील. हो म्हणावं तर सगळं श्रेय गोळ्यांना जाणार, नाही म्हणावं तर खोटं.

कुम्बाच म्हणाला, "नाही. फक्त मारिता."

डोळ्यांची पापणी न लवता म्हणाला. बहिणीसाठी इतकं सफाईनं खोटं बोलणारा भाऊ किती जणींना मिळतो? वेलेम कुंपणापाशी उभी होती. तिनं तोंड फिरवलं.

ओबेट जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, औषध म्हणायचं नाही हं ताई, खाणं म्हणायचं. बरं करतं असं बाटलीवर लिहिता येत नाही. शहरातली माणसं अशी चार हात दूर राहूनच बोलतात. मला समजायचं ते मी समजले.

१३ फेब्रुवारी

कुम्बाचा खोकला परत आलाय. आधी वाटलं चुलीच्या धुरानं असेल, म्हणून त्याला कडेच्या खोलीत हलवला. तरी थांबत नाही. जेवण अर्धं टाकतो. कातडी मात्र तशीच तुकतुकीत. आत काही बिघडलं असतं तर कातडीनं सांगितलं नसतं का?

आज रुम्बीमामानं सगळ्यांना बोलावून बसवलं. मामा म्हणजे आमच्या आईचा भाऊ, अशा वेळी त्याचाच शब्द चालतो. जवळच्या माणसानं पोटात राग दाबून धरला की घरातलं माणूस आजारी पडतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. राग बोलून टाकायचा, डुक्कर कापायचं, सगळ्यांनी मिळून खायचं, आजार उतरतो. सगळ्यांच्या माना वेलेमकडे वळल्या. नवरा नणंदेच्या घरी राहतोय, राग येणारच. मीही मनात म्हटलं, ओक एकदाचं.

ती म्हणाली, "राग नाही. भीती आहे."

मामा म्हणाला, भीतीनं कुणी आजारी पडत नाही, राग सांग. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मामानं मला विचारलं, तुझ्या पोटात काही आहे का गं? मी म्हटलं, माझ्या पोटात काय असणार, मी तर त्याला जिवापाड जपतेय. डुक्कर कापलं. कुम्बानं दोन घास खाल्ले आणि बाहेर जाऊन खोकत बसला.

मला आज काही सुचत नाही. विमान दहा-बारा दिवसांवर आलंय, निम्मं तेल गाळायचं आहे, आणि सारखा तो खोकला कानात वाजतोय.

१९ फेब्रुवारी

सकाळी कुम्बाच्या चादरीवर तांबडा डाग दिसला. ताट लवंडलं म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. काल संध्याकाळी भूक नाही म्हणून ताट परत पाठवलं होतं, मग मागाहून मागून खाल्लं असेल. भूक लागली म्हणजे बरंच लक्षण.

२० फेब्रुवारी

चादर ओढ्यावर नेली होती. बरोबर राख आणि साबण नेला होता, कारण मारिताचा डाग म्हणजे जन्माचा सोबती. माझ्या लग्नातल्या बिलुम पिशवीवरचा डाग अजून तसाच आहे. चादर पाण्यात बुडवली आणि साबणाला हात लावायच्या आत डाग सुटायला लागला. लाल पाणी वाहून गेलं. वर तेलाचा एक तवंग नाही. हात नाकाशी नेले तर मारिताचा वासही नाही.

पाण्यात मी चादर नुसती धरून उभी होते. पेरेकानं हाक मारली तीही ऐकू आली नाही.

घरी येऊन कुम्बाची पिशवी उपडी केली. गोळ्यांचा डबा खाली पडला. मी आणला तेव्हा जेवढा भरलेला होता तेवढाच. मी त्याला मारायला हात उचलला, आणि कुठं मारावं तेच कळेना. तेलाखाली सगळी हाडं होती.

तो भिंतीला टेकून बसला होता. शांतपणे म्हणाला, "दोन्ही घेतलं असतं तर गुण कुणाचा हे कसं कळलं असतं, ताई? सगळे म्हणाले असते, गोळ्यांनीच बरा झाला. तुझं तेल खोटं पडलं असतं."

मी म्हटलं, तुला हे करायला कुणी सांगितलं? म्हणाला, कुणी नाही. गोळ्या घेतल्या की ओकायचो, सोडल्यावर ओकणं थांबलं, कातडी सुधारली. तू इतकी खूष होतीस. मग सांगायला जमेना.

तशीच वेलेमकडे गेले. ती रताळी खणत होती. मी विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, लघवी स्वच्छ झाली त्या दिवसापासून माहीत होतं. त्याला विचारलं तर तो म्हणाला, तायडीला सांगितलंस तर पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. आणि तुम्हाला सांगायला आले की तुम्ही ऐकूनच घेत नव्हता. मी जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. तिनं काठी टाकली नाही, पण खणायची थांबली.

२२ फेब्रुवारी

सिल्वानुसला काल माणूस पाठवला होता, आज दुपारी धावत आला. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत होता. मला वाटलं, आता बोलणार, टोचणार. त्यानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. मधेच गोळ्या सोडल्या की वाळवी त्या गोळ्यांना सरावते म्हणाला, आता त्याच चालतील की नाही हे हेगनच्या मोठ्या दवाखान्यात थुंकी तपासल्यावरच कळेल. आणि खोकल्यातलं रक्त थांबायला हवं. डोलीतून नेलं तर वाटेतच जाईल. विमानानं न्यायला हवं.

विमान एकच येणार आहे. ओबेटनं तेलासाठी पाठवलेलं, हेगनवरून लाएला जाणारं. परवा. त्यानंतर कधी ते कुणाला ठाऊक नाही. धावपट्टी ओली आहे, वजन ठरलेल्यापेक्षा किलोभरही जास्त घेत नाहीत. कुम्बा जाणार तर त्याच्याबरोबर वेलेमही जाणार, दवाखान्यात सोबतीचं माणूस लागतंच. म्हणजे दोन माणसांच्या वजनाचं तेल खाली राहणार. तेल राहिलं तर खवट होणार, आणि ठरलेला माल पोचला नाही तर ओबेट पुन्हा विमान पाठवेल का?

संध्याकाळी बायका जमल्या. पेरेका म्हणाली, "तुझा भाऊ तुझा. तेल सगळ्यांचं. माझी पोर हेगनला जायची म्हणून कपडे घडी करून बसलीय, तिला मी काय सांगू?"

खरंच बोलत होती. पण माझ्या पोटात जे दाबलेलं होतं, ते आज बाहेर पडलं. रुम्बीमामा समोर होता, सगळे होते. मी म्हटलं, त्या दिवशी विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं. मला राग आहे. वेलेमच्या हातचं खाऊन कुम्बा बरा होईल याचा मला राग होता. गोळ्यांचा राग होता. माझ्याच मारितानं तो बरा व्हावा असं मला हवं होतं, म्हणून मी त्याची कातडी बघत बसले आणि तो आतून पोखरला गेला. मारिता खा, पोरांना घाला, पण कोमगी, तू उद्याच्या उद्या सिल्वानुसकडून तुझ्या गोळ्या घे. मी तुला सोड म्हटलं नव्हतं, पण घे असंही म्हटलं नाही.

मामानं डुक्कर कापा असं म्हटलं नाही. पेरेका उठून निघून गेली.

२४ फेब्रुवारी

सकाळी विमान आलं. डबे रांगेनं मांडले होते, सगळे पुसून लखलखीत. पायलट तरुण होता, घाईत होता, ढग उतरायच्या आत त्याला निघायचं होतं. डबे चढवून झाले तशी मी त्याला सांगितलं, दोन माणसं न्यायची आहेत, तेवढे डबे काढा. ओबेटला काय सांगायचं ते मी सांगेन. तो म्हणाला, माणसं कुठली? कुम्बाला धरून आणला. उन्हात उभा राहिला. अंगावर कालचंच तेल होतं, खांदे, छाती, कपाळ सगळं चमकत होतं. पायलटनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, दणकट आहे की, आजारी कोण? मग त्याच्याकडे आणि वेलेमकडे बघून अंदाजानं डबे उतरवायला लावले. पेरेका बाजूला उभी होती. उतरलेला एकेक डबा ती मोजत होती की नुसती बघत होती, कळलं नाही. अडवलं मात्र नाही तिनं.

मग विमानात चढण्याआधी वजनकाट्यावर उभं करतात तसं दोघांना उभं केलं. आधी वेलेम. मग कुम्बा. पायलटनं आकडा बघितला, काट्याला हातानं हलकेच ठोकलं, परत बघितला. कुम्बाला खाली उतरवून पुन्हा चढवला. काटा तिथंच थांबला. सिल्वानुसनं मान खाली घातली.

वेलेमनं कुम्बाला आत बसवलं आणि पट्टा ओढला. पट्टा संपेपर्यंत ओढावा लागला. कुम्बा माझ्याकडे बघत होता. मी एवढंच म्हटलं, "गोळ्या गीळ." त्यानं मान हलवली. वेलेम म्हणाली, "वन्सं, मी बघेन."

पायलटनं वहीत आकडे मांडले आणि उतरवलेल्या डब्यांकडे बोट दाखवलं.

"हा अंदाजापेक्षा फारच हलका निघाला, वजन उरतंय," तो म्हणाला. "एक डबा परत चढवा."

मी जागची हलले नाही. दुसरंही कुणी हललं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, ऐकू आलं नाही का, एक डबा जाईल. पेरेका सगळ्यांत जवळ होती. तिनं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कुणी उचलू नये म्हणून त्या डब्यावरच बसली.

पायलटनं खांदे उडवून दार लावलं. विमान तेवढी जागा रिकामी घेऊन उडालं.